उपग्रहचित्रांचे लोकवाचन आणि वर्गनामांचा प्रश्न

१

उपग्रहांनी टिपलेली पृथ्वीची चित्रे आज कोणाही अभ्यासकाला विनामूल्य मिळू शकतात. ही स्थिती प्रारंभापासून नव्हती. पुढे लँडसॅट या नावाने प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मालेतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडण्यात आला. १९८४ च्या कायद्याने या चित्रांच्या विक्रीचे काम खाजगी व्यवसायाकडे सोपविण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि एकेका चित्राची किंमत हजारो डॉलरांवर गेली. १९९९ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-७ ची चित्रे सहाशे डॉलरांना मिळू लागली, तरी सामान्य संशोधकाच्या दृष्टीने तीही दुर्लभच होती. विक्रीच्या काळातील सर्वांत चांगल्या वर्षी, म्हणजे २००१ साली, सुमारे २५,००० चित्रे वितरित झाली. २००८ मध्ये संपूर्ण संग्रह मोफत खुला करण्याचा निर्णय झाला, आणि अल्पावधीतच वर्षाला दहा लाखांहून अधिक चित्रे लोकांच्या हाती जाऊ लागली. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाची दहा मीटर वियोजनाची चित्रे २०१५ पासून त्याच तत्त्वावर मिळतात. भारतात ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झाले, आणि २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणाने पाच मीटर व त्याहून स्थूल वियोजनाची माहिती सर्वांना मुक्तपणे द्यावी असे ठरविले.

या घटनांचा आधार घेऊन असे प्रतिपादन करण्यात येते की, आता पर्यावरणावर देखरेख ठेवण्याचे काम नागरिकांनीच हाती घ्यावे. डोंगरावरील झाडी किती उरली, तलाव किती आटला, किनारा किती खचला, हे ज्याचे त्याने पाहावे. हे प्रतिपादन स्वागतार्ह आहे. तथापि त्याच्या मुळाशी असलेले एक गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. चित्र हाती आले म्हणजे त्यातील अर्थही हाती आला, असे ते गृहीत होय. वस्तुतः चित्र आणि अर्थ यांच्यामध्ये शब्दांची एक छोटीशी सूची उभी असते. नकाशाच्या कोपऱ्यात ती छापलेली असते, आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ‘वन’, ‘झुडपी जमीन’, ‘पडीक’ ही त्या सूचीतील पदे होत. चित्रे खुली झाली. ही पदे ठरविण्याचा अधिकार मात्र पूर्वी जेथे होता तेथेच राहिला आहे. भारतीय वन सर्वेक्षणाचे द्वैवार्षिक अहवाल आणि पडीक जमिनींची मानचित्रावली या दोन शासकीय कृतींच्या परीक्षणातून हा मुद्दा स्पष्ट होऊ शकेल.

२

उपग्रहावरील उपकरण जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजते. हिरवे पान तांबडा प्रकाश बव्हंशी शोषून घेते व त्यालगतचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठविते. या दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागले म्हणजे हिरवाईचा निर्देशांक मिळतो. वन सर्वेक्षण ज्या चित्रांचा उपयोग करते त्यांचा एकेक चित्रघटक २३.५ मीटर बाजूचा आहे. म्हणजे एका हेक्टरात असे सुमारे अठरा घटक बसतात. येथवर सर्व व्यवहार संख्यांचा आहे. त्या संख्यांत ‘साग’ नाही, ‘काजू’ नाही, ‘कुरण’ही नाही.

या संख्यासमूहाविषयी ‘हे वन आहे’ असे विधान करावयाचे झाल्यास तीन निर्णय घ्यावे लागतात. झाडांच्या छत्राने किती टक्के जमीन झाकली असता वन म्हणावयाचे, हा पहिला. निदान किती क्षेत्र असले म्हणजे त्याची नोंद घ्यावयाची, हा दुसरा. आणि कोणत्या ऋतूतील चित्र प्रमाण मानावयाचे, हा तिसरा. विदर्भातील सागाचे रान पावसाळ्यानंतर दाट दिसते आणि उन्हाळ्याच्या तोंडी निष्पर्ण होते. सोलापूरकडचा माळ श्रावण-भाद्रपदात हिरवा असतो, चैत्रात तोच उघडा व निर्जीव भासतो. तीनही निर्णय आवश्यकच आहेत, परंतु त्यांपैकी एकही चित्रातून निघत नाही. ते माणसांनी घेतलेले, आणि म्हणूनच चर्चेला पात्र असलेले निर्णय आहेत.

३

या निर्णयांचे वजन किती असते, हे भारतातील वनमोजणीच्या पहिल्याच प्रसंगी दिसून आले. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने १९८४ मध्ये लँडसॅटच्या चित्रांवरून असा निष्कर्ष काढला की, १९७२–७५ या काळात देशाच्या १६.८९ टक्के भूभागावर असलेले वनाच्छादन १९८०–८२ पर्यंत १४.१० टक्क्यांवर आले. भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. तोही लँडसॅटच्याच, १९८१–८३ या काळातील चित्रांवर आधारलेला होता. त्यात हा आकडा १९.४९ टक्के निघाला. उपग्रहमाला तीच व काळ जवळजवळ तोच असताना उत्तरांत सव्वापाच टक्क्यांहून अधिक अंतर पडले. देशाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने हे अंतर पावणेदोन लाख चौरस किलोमीटरांचे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भूभागाएवढे होते. पुढे दोन्ही संस्थांनी आपापल्या पद्धतींचा मेळ घातला व आकडा साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. हा मतभेद कोणाच्या अप्रामाणिकपणातून उद्भवलेला नव्हता. विरळ झाडीच्या डागाला कोणत्या पदाखाली ठेवावे याविषयी वाचकावाचकांत फरक पडतो, आणि तो देशभर बेरजेने वाढत जातो, एवढाच त्याचा अर्थ होतो.

वन सर्वेक्षणाची सध्याची व्याख्या अहवालांत स्पष्ट शब्दांत दिलेली असते. एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्राची, दहा टक्के किंवा अधिक छत्र असलेली कोणतीही जमीन, मालकी व कायदेशीर दर्जा यांचा विचार न करता, वनाच्छादनात मोजली जाते. फळबागा, बांबू व ताडवर्गीय झाडे तीत समाविष्ट आहेत, हेही अहवाल लपवीत नाही. या व्याख्येचा परिणाम काय होतो, हे कोकणाच्या उदाहरणाने ध्यानात येईल. रत्नागिरी वा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एखाद्या डोंगरउतारावरील आईन, किंजळ, जांभूळ यांची मिश्र झाडी तोडून तेथे काजू लावला, तर काही वर्षांनी काजूचे छत्र दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडते आणि तो उतार अहवालात पुन्हा वन म्हणून उभा राहतो. झरा आटला असेल, शेकरू निघून गेले असेल, तरी आकड्यात उणीव दिसणार नाही. उलट, गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली एक हेक्टरहून लहान देवराई स्वतःच्या बळावर या मोजणीत येऊच शकत नाही.

कायद्याच्या दृष्टीने ‘वन’ असलेली जमीन आणि चित्रात ‘वन’ दिसणारी जमीन या तर दोन निराळ्याच गोष्टी आहेत. २०२१ च्या अहवालानुसार शासकीय दप्तरी नोंदलेले वनक्षेत्र ७,७५,२८८ चौरस किलोमीटर होते; पैकी ५,१६,६३० चौरस किलोमीटरांवरच वनाच्छादन आढळले. नोंदीबाहेर मात्र १,९७,१५९ चौरस किलोमीटर वनाच्छादन होते, म्हणजे एकूण आच्छादनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. २०२३ च्या अहवालात वनाच्छादन २१.७६ टक्के नमूद झाले असून आधीच्या अहवालाच्या तुलनेने त्यात १५६ चौरस किलोमीटरांची भर दाखविली आहे. वृत्तपत्रांतून पोहोचतो तो हा वाढीचा आकडा. त्या वाढीत नैसर्गिक रान किती आणि लागवड किती, हे त्या एका आकड्यावरून वाचकाला कळत नाही. ज्या रेखित सीमांच्या बेरजेने तो सिद्ध झाला त्या सीमा अहवालासोबत येत नाहीत. त्यामुळे मूळ चित्र विनामूल्य मिळूनही, सर्वेक्षणाने अमुक डागाला वन म्हटले की नाही हे नागरिकाला पडताळून पाहणे कठीण होते.

४

संज्ञेचा हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला आहे. टी. एन. गोदवर्मन तिरुमलपाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी असा आदेश दिला की, वनसंवर्धनाच्या कायद्यातील ‘वन’ हा शब्द कोशातील अर्थाने घ्यावा. शिवाय शासकीय दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही, मालकी कोणाचीही असो, त्यात यावी. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती अधिसूचित व नोंदलेल्या वनांपुरती आखण्याचा प्रयत्न झाला. तिला आव्हान देण्यात आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने १९९६ चाच अर्थ चालू ठेवण्यास सांगितले. या आदेशाने दप्तरी नोंदीबाहेरच्या झाडीला मोठे संरक्षण मिळाले, यात संशय नाही. तथापि कोश हा येथे किती भक्कम आधार आहे, याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी केला पाहिजे.

मराठीतील दोन नित्याचे शब्द त्यासाठी पुरेसे आहेत. ‘रान’ हा शब्द संस्कृत ‘अरण्य’पासून प्राकृत ‘रण्ण’च्या वाटेने आला. आज देशावरचा शेतकरी ‘रानात गेलो होतो’ म्हणतो तेव्हा तो शेतातून आलेला असतो. अरण्याचा वाचक शब्द शेताचाही वाचक झाला, कारण दोन्ही गावठाणाबाहेरची जमीन. ‘जंगल’ या शब्दाचा प्रवास याहून बोधप्रद आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘जाङ्गल’ या शब्दात आहे, आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत जांगल देश म्हणजे अल्प पाण्याचा, विरळ झाडीचा, मोकळा व कोरडा प्रदेश. पाणथळ व दाट झाडीच्या प्रदेशाला तेथे आनूप म्हटले आहे. म्हणजे आज ज्या शब्दाने घनदाट झाडी डोळ्यांपुढे येते, तो शब्द मुळात माळरानाचा होता. हा नुसता अर्थपालट नव्हे. जी भूमी पूर्वी एका स्वतंत्र नावाने, स्वतःच्या वनस्पती-प्राण्यांसह ओळखली जात होती, तिचे नाव निघून गेले आणि ती निनावी झाली.

५

निनावी झालेल्या या भूमीला नंतर जे नाव मिळाले ते महसुली व्यवहारातून आले. ‘पड’, ‘पडीक’, ‘पोटखराबा’ या संज्ञा सातबाऱ्याच्या वाचकाला परिचित आहेत. ‘पडीक’ हे विशेषण ‘पडणे’ या क्रियापदापासून साधले आहे. जे वापरले जावयास हवे होते पण पडून राहिले, असा त्याचा भाव आहे. त्यात नांगराची अपेक्षा आणि साऱ्याची तूट ही दोन्ही गृहीत धरलेली असतात. सारा वसूल करणाऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. उपग्रहाच्या चित्राला मात्र सारा ठाऊक नाही. तरीही भूसंसाधन विभाग व राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र यांनी सिद्ध केलेल्या मानचित्रावलीने हीच दृष्टी देशव्यापी मोजणीचा आधार म्हणून स्वीकारली. २०१९ च्या आवृत्तीनुसार २०१५–१६ मध्ये देशातील ५,५७,६६५ चौरस किलोमीटर, म्हणजे १६.९६ टक्के भूमी पडीक होती. तिच्या तेवीस वर्गांत दाट व विरळ झुडपांच्या जमिनी, अवनत चराऊ कुरणे, उघडे खडकाळ प्रदेश यांचा समावेश आहे. हिमाच्छादित प्रदेशही तेथे एक पडीक वर्गच आहे. हिमालयातील बर्फाला पडीक म्हणणारी सूची वस्तूचे वर्णन करीत नसून तिच्या निरुपयोगाविषयी मत देत आहे, हे येथे उघड होते.

महाराष्ट्रात या नामकरणाचा भार माळ, सडा व गायरान यांच्यावर पडतो. सोलापूरजवळच्या नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य करण्यात आले. त्या पक्ष्याच्या नावातच त्याच्या निवासाचे नाव आहे. लोकांच्या भाषेने माळाला पक्ष्यांसह, लांडग्या-काळविटांसह आणि धनगरांच्या वाटांसह एक स्वतंत्र भूमी मानल्याचा तो पुरावा होय. वर्गसूचीत ‘माळ’ या अर्थाचे पद नाही. परिणामी अशी जमीन झुडपी, अवनत किंवा पडीक ठरते, आणि पडीक ठरलेल्या जमिनीचा काहीतरी उपयोग केला पाहिजे हा निष्कर्ष नावातूनच निघतो. मग तेथे झाडे लावली जातात व वनाच्छादनाच्या पुढील मोजणीत ती भर म्हणून दिसतात. एका सूचीतील उणे दुसऱ्या सूचीत अधिक होते. माळ मात्र दोन्हींतून जातो. कोकणातील कातळसड्यांची गतही निराळी नाही. पावसाळ्यात ज्यांच्यावर अल्पायुषी वनस्पतींची एक संपूर्ण सृष्टी उगवते, ते सडे कोरड्या ऋतूच्या चित्रात उघडा खडक असतात.

खुल्या चित्रांचे खरे सामर्थ्य याच ठिकाणी प्रत्ययास येते. एम. डी. मधुसूदन व अबि तामिम वनक यांनी विनामूल्य मिळणाऱ्या उपग्रहचित्रांच्या आधारे भारताच्या निमशुष्क भागातील खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला व २०२२ मध्ये त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. देशाच्या भूभागाचा सुमारे एक-दशांश भाग त्यांत मोडतो, आणि त्यातील अत्यल्प भागच संरक्षित क्षेत्रांत आहे, असे त्यांना आढळले. येथे नवा उपग्रह सोडावा लागला नाही. असलेल्या चित्रांना निराळा प्रश्न विचारण्यात आला, आणि तो विचारण्यासाठी आधी एक निराळे वर्गनाम घडवावे लागले.

६

वर्गनामे व सीमा दोन्ही उघड ठेवल्याने काय साधते, याचा दाखला ब्राझीलमध्ये मिळतो. तेथील राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून ‘प्रोदेस’ या योजनेखाली अमेझॉनमधील वृक्षतोडीची वार्षिक मोजणी करीत आली आहे. तिची व्याख्या अरुंद आहे. मूळ अरण्याची ६.२५ हेक्टर वा अधिक क्षेत्रातील समूळ तोड तेवढीच मोजली जाते, आणि एकदा तुटलेले क्षेत्र पुन्हा हिरवे झाले तरी मूळ अरण्यात परत घेतले जात नाही. लागवडीने तोड झाकण्याची सोय त्यात नाही. संस्थेने तोडीच्या सीमाही लोकांना उपलब्ध करून दिल्या. २००४ मधील २७,७७२ चौरस किलोमीटरांची तोड २०१२ मध्ये ४,५७१ वर आली, यामागे शासकीय कारवाई, कर्जांवरील निर्बंध अशी अनेक कारणे होती. परंतु त्या कारवाईला लक्ष्य दाखविणारे साधन ही मोजणीच होती. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी संस्थेच्या आकड्यांवर अविश्वास दाखविला व संचालक रिकार्दो गाल्व्हाव यांना पद सोडावे लागले. तथापि आकडा मागे घेता आला नाही. सीमा सर्वांपुढे होत्या, कोणीही त्या चित्रावर ठेवून पाहू शकत होता. त्या वर्षाची तोड १०,००० चौरस किलोमीटरांच्या वर, २००८ नंतरची सर्वाधिक ठरली.

या उदाहरणालाही मर्यादा आहे. समूळ न तोडता केलेली विरळणी या व्याख्येतून निसटते. शिवाय ब्राझीलमधील सेर्रादो हा विस्तीर्ण गवताळ प्रदेश दीर्घकाळ या लक्षाच्या बाहेर राहिला. त्याची नियमित वार्षिक मोजणी कितीतरी वर्षे उशिरा सुरू झाली. माळाकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती केवळ भारतीय नाही, हे यावरून दिसते.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, व्याख्या वारंवार बदलली तर कालक्रमाने तुलना करणे अशक्य होईल. तसेच ‘राई’, ‘माळ’, ‘सडा’ ही नावे जिल्ह्याजिल्ह्यांत भिन्न अर्थांनी वापरली जातात, त्यांची देशव्यापी बेरीज होऊ शकत नाही. हा आक्षेप सबळ आहे. वन सर्वेक्षणाची व्यापक व्याख्या या गरजेतूनच टिकून राहिली आहे, आणि ती टाकून द्यावी असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु एका बेरजेसोबत तिचे घटक देण्याने तुलनेला बाध येत नाही. नैसर्गिक झाडी, लागवड व फळबाग असे तीन आकडे एकाच पानावर दिल्यास जुनी मालिकाही कायम राहते व वाचकाची दिशाभूलही टळते. २३.५ मीटरांच्या एकाच चित्रात काजू आणि आईन यांचा भेद करणे अवघड आहे हे खरे. तथापि वर्षभरातील निरनिराळ्या ऋतूंची चित्रे एकत्र वाचली तर पानगळीच्या क्रमावरून बराच भेद करता येतो, आणि अशी चित्रे आता उपलब्ध आहेत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. स्थानिक नाव म्हणजे सत्य असे मानता येत नाही. ज्या जमिनीला पशुपालक कुरण म्हणतो तिलाच गावातील दुसरा कोणी पड म्हणतो, तर तिसरा तीवर अतिक्रमण करून तिला आपले रान म्हणतो. गाव हा एकमुखी वाचक नव्हे. म्हणूनच लोकांच्या वापरातील नावे शासकीय सूचीत उचलून घालणे पुरेसे नाही. कोण, कोणत्या ऋतूत, कोणत्या कामासाठी ते नाव वापरतो, याची नोंद त्यासोबत असली पाहिजे. जैवविविधता कायद्याखालील लोकजैवविविधता नोंदवह्या व २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना दिलेले सामूहिक हक्क ही अशा नोंदीची दोन सिद्ध स्थाने आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये असा हक्क प्राप्त झाला. अशा गावांना चित्र दाखवून नुसती संमती घेण्याऐवजी वर्गनामांची यादीच त्यांच्यापुढे ठेवली, तर प्रत्यक्ष पडताळणीला तिचा योग्य अर्थ येईल.

नागरिकांनी उपग्रहचित्रे वापरावीत, हा आग्रह यासाठी सोडण्याचे कारण नाही. तो अधिक नेमका करावा लागेल. प्रत्येक प्रसिद्ध आकड्यासोबत चित्राची तारीख, चित्रघटकाची लांबी, किमान क्षेत्र व वर्गाची व्याख्या मराठीत छापली जावी. ज्या सीमांवरून बेरीज केली त्या बेरजेइतक्याच मुक्त असाव्यात. आणि ‘पडीक’ यासारखी उपयोगावरून मत देणारी संज्ञा भूमीच्या वर्णनाच्या सूचीतून काढून, महसुलाच्या सूचीत, जेथे तिचे स्थान आहे तेथे, ठेवावी. यांपैकी शेवटच्या कामात भूगोल व वनशास्त्र यांच्याइतकाच भाषाविभागांचाही वाटा आहे. महाराष्ट्रातील बोलींमध्ये जमिनीची, झाडीची व गवताची किती नावे आहेत, त्यांच्या अर्थाच्या कडा कोठे मिळतात आणि कोठे तुटतात, याचा जिल्हावार कोश अजून व्हावयाचा आहे. तो झाल्यास नान्नजचा माळ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला चित्रातील पिवळसर डागाखाली काय लिहावे हे शोधण्यासाठी सातबाऱ्याकडे जावे लागणार नाही.